विज्ञानकादंबरी बालविभागातून बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. यादी चांगली होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांपलीकडे या पुस्तकांना वाचक नाही, असं शेवटी ठोकून दिलंय, ते पटलं नाही. मी भुसावळला राहतो. रेल्वेत लोको पायलट होतो, आता निवृत्त आहे. शिक्षण आयटीआय. या कादंबऱ्या मी वाचतो, माझ्या ओळखीतले बरेच जण वाचतात किंवा ऐकतात, आणि ‘हे वाचच’ म्हणून एकमेकांच्या गळ्यात मारतात. आमच्याकडे सध्या काय चाललंय आणि का, ते आपल्याला कळावं म्हणून लिहितो.

मला हा नाद रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या स्टेशनवर इंजिन चालवणाऱ्यांनी थांबायच्या विश्रांतिगृहात लागला. मालगाडी घेऊन इगतपुरीला, खंडव्याला नाहीतर बडनेऱ्याला जायचं, साइन ऑफ करायचं आणि परतीची गाडी मिळेपर्यंत खाटेवर पडून राहायचं. दिवसा झोप लागत नाही. (ड्युटीवर पुस्तक उघडायला बंदी असते आणि मी ते कधी उघडलं नाही, हे जुन्या साहेबांच्या माहितीसाठी.) रहस्यकथा वाचून संपल्या, मग नारायण धारपांचं ‘नेनचिम’ हाती आलं, त्यानंतर जयंत नारळीकर. इंग्रजीकडे वळलो ते भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या पुस्तकाला डिक्शनरी घेऊन बसलो होतो, पुढे तिची गरज कमी होत गेली.

आता आमच्या मंडळींबद्दल. सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे अँडी विअरचं ‘द मार्शियन’. मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे पिकवून जगतो, ही गोष्ट आता बहुतेकांना सिनेमामुळे माहीत आहे. माझा साडू सावद्याजवळ केळी लावतो. त्याला भाच्याने सिनेमा दाखवला आणि कादंबरी मी जमेल तशी मराठी करत वाचून दाखवली. पहिल्याच प्रकरणात त्याने मला थांबवलं. तिथे वादळ येतं, यान कलंडायला लागतं, म्हणून बाकीचे घाईने निघून जातात. साडू म्हणाला, “तिथं हवाच नाही म्हणता, मग वारा लोटतो कशाने?”

संपादक महोदय, हा प्रश्न विचारायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. मे-जूनच्या वादळात घड लागलेली केळीची बाग आडवी झालेली पाहिलेली असावी लागते. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी. ताशी दीडशे किलोमीटरचा वारा तिथे सुटला तरी त्याचा रेटा आपल्याकडच्या वीसेक किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच. त्याने केळीचं पान फाटेल, खोड मोडणार नाही. यान तर नाहीच नाही. ही सवलत आपण गोष्टीसाठी घेतली, हे खुद्द विअरनेही कबूल केलेलं आहे. साडूला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला, आणि त्यानंतर त्याने ती कादंबरी एखाद्या ऑडिटरसारखी ऐकली. बेणं किती, उतारा किती, माणसाला रोज किती लागतं, पाणी कुठून आणणार. यानाच्या इंधनातून, म्हणजे हायड्रेझिनपासून, नायक पाणी तयार करतो तो भाग त्याने दोनदा वाचायला लावला. मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचा विषारी क्षार असतो, हे २००८ साली फिनिक्स या यानाने शोधलं. कादंबरीत त्याचा पत्ता नाही. ते मी सांगितलं तर साडू म्हणतो, “पाण्यात विरघळतो ना? मग खारवट जमीन धुतो तशी धुवायची, निचरा चांगला पाहिजे.” उत्तर बरोबर आहे.

त्याची खरी शंका वेगळीच होती. “सगळं बेणं एकाच डब्यातलं. एक रोग शिरला की संपलं.” त्याच्या शेतातली ग्रँड नैन या केळीच्या जातीची सगळी झाडं टिश्यू कल्चरची, म्हणजे एकमेकांच्या प्रतीच. कुकुंबर मोझॅक विषाणू आला की झाडं उपटून फेकावी लागतात, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेलं रोप ट्रॅक्टरमधून आणून लावणाऱ्या माणसाला विज्ञानकादंबरी झेपत नाही, हे आपल्या लेखकांनी कशावरून ठरवलं?

त्याच विअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) मला जास्त आवडली. ‘मार्शियन’मधला नायक सारखे विनोद करतो, त्याचा थोडा कंटाळा येतो. ‘हेल मेरी’त सूर्याचं तेज खाणारे सूक्ष्मजीव आहेत, शाळेत विज्ञान शिकवणारा एक माणूस आहे आणि वाटेत त्याला भेटणारा परग्रहावरचा रॉकी आहे. रॉकीला डोळे नाहीत. तो आवाजावर जग ओळखतो आणि सुरांच्या मेळातून बोलतो. ही कादंबरी मी आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त चाबीवाल्याला, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या तपासणाऱ्या रेल्वे कामगाराला, संध्याकाळी ओट्यावर बसून थोडी थोडी सांगितली. त्याला रॉकी समजावून सांगावा लागला नाही. जन्मभर रुळाच्या कडेने चालत, हातोडीच्या ठोक्यावरून कुठली चावी सैल आहे ते ओळखणारा माणूस तो. मला दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं, तर परत आल्याआल्या दारातच, “मंग त्या रॉकीचं काय झालं रे भो?” काय झालं ते इथे लिहीत नाही, ज्यांना वाचायची आहे त्यांच्यासाठी.

पण आपल्या यादीत जिची जागा पहिली असायला हवी होती ती कादंबरी यादीत नव्हतीच. किम स्टॅन्ली रॉबिन्सनची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’, २०२० सालची. सुरुवात उत्तर प्रदेशातल्या एका गावात होते. उष्णतेची लाट, त्यात वीज गेलेली. लोक आधी गच्चीवर जातात, मग खोल्यांमध्ये, शेवटी तळ्यात उतरतात. तळ्याचं पाणीही अंगापेक्षा गरम. त्या लाटेत दोन कोटी माणसं मरतात. भर एप्रिलमध्ये भुसावळला बसून हे वाचून पाहा.

यात मुद्दा नुसत्या पाऱ्याचा नाही, आणि आमच्याकडच्या लोकांना तो लगेच कळतो. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे पारा गेला तरी त्याचं नवल नसतं. मालगाडीच्या इंजिनाच्या केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. रूळ साठच्या पुढे तापतात, म्हणून दुपारी ते वाकलेत का हे पाहत गस्त घालावी लागते. तरी माणूस तगतो, कारण हवा कोरडी असते. घाम वाळतो, अंग निवतं. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून येतं, पाऊस पडत नाही, पारा ४०वर आलेला असतो आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो. त्या दिवसांत जीव जास्त घाबरा होतो, हे इथल्या कुणालाही विचारा. ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर, म्हणजे घाम वाळून अंग कुठवर निवू शकेल ते सांगणारा, २४च्या आसपास दाखवतो. ४० अंश आणि ५० टक्के असेल तर ३१. हा आकडा ३५वर गेला आणि काही तास तिथेच राहिला, तर सावलीत बसलेला, पोटभर पाणी प्यालेला धडधाकट माणूसही वाचत नाही, असं शास्त्रज्ञांचं गणित आहे. रॉबिन्सनने पहिलं प्रकरण याच आकड्यावर उभं केलंय.

माझी सून एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. उन्हाळ्यात तिची ड्युटी उष्माघात कक्षात असते. तिला ते प्रकरण सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, तळ्याचं बरोबर आहे. अंगापेक्षा गरम पाण्यात बसवून ताप कसा उतरेल?” मग तिने स्वतः ते पुस्तक मागून घेतलं. पुढचा भाग तिला आवडला नाही, मलाही अर्धाच आवडला. झुरिकमधल्या बैठका, कार्बनचं चलन, बँकांचे गव्हर्नर, पानंच्या पानं इतिवृत्तासारखी जातात. ती सरळ उलटावीत. पण भारत कुणाला न विचारता आकाशात उंच धूळ फवारून ऊन कमी करायला निघतो, १९९१च्या पिनाटुबो ज्वालामुखीची नक्कल करत, त्यावर आमच्या घरात जेवताना भांडण झालं. भाचा म्हणे योग्य केलं. साडू म्हणे, पाऊस बिघडला तर कोण जबाबदार? कळण्याची भाकरी गार झाली तरी निकाल लागला नाही.

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ तुमच्या यादीत होती. तिला २०१५ साली विज्ञानसाहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि कादंबरीचा ह्यूगो अनुवादित पुस्तकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ, हे लेखात आलं आहे. सुरुवातीचा सांस्कृतिक क्रांतीचा भाग जबरदस्त आहे. पुढे माणसं लाकडी होतात, आणि एका प्रोटॉनचा संगणक करतात तिथे माझा हिशेब काही लागला नाही. पण लेखात न आलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हे गृहस्थ शान्शी प्रांतातल्या एका वीजकेंद्रात संगणक अभियंता होते. बीजिंग-शांघायमध्ये नाही, कोळशाच्या मुलखात. नोकरी करता करता त्यांनी हे सगळं लिहिलं. विअरही प्रोग्रामर. ‘मार्शियन’ त्याने आधी स्वतःच्याच संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकली होती. आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा आली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ते नारळीकरच होते. आद्याक्षरं उलटी केलेली आणि अक्षर पत्नीचं, म्हणजे परीक्षकांना ओळख लागू नये. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

आमच्या भुसावळला लागून दीपनगरचं वीजकेंद्र आहे. वरणगावला आयुध निर्माणी आहे. इथे लोको शेड आहे. जळगावला ठिबक सिंचनाचे आणि टिश्यू कल्चरचे कारखाने आहेत. मशीन हाताळणारी, रात्रपाळीत जागणारी, हिशेबाची पक्की इतकी माणसं एका जिल्ह्यात असताना तापीकाठच्या उन्हाची कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही.

आता वाचनालयांचं. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हा ‘वामन परत न आला’ पुन्हा वाचावीशी वाटली. स्वतःसारखी यंत्रं घडवू पाहणाऱ्या बुद्धिमान यंत्राची ही कादंबरी त्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी लिहिली. आज जो तो एआयवर बोलतोय, त्या दृष्टीने तर ती ताजीच आहे. एका वाचनालयात गेलो. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात नाही. ग्रंथपाल म्हणाले बालविभागात बघा. तिथे परीकथा आणि चित्रं रंगवण्याच्या वह्यांच्या मधे ‘वामन’ आणि ‘प्रेषित’ शेजारी शेजारी. घेऊन आलो तर नोंद करताना त्यांनी विचारलं, “नातवासाठी का?” मी म्हटलं, नातू अजून बोलायला लागलेला नाही.

मुलांनी नारळीकर वाचू नयेत असं मी म्हणत नाही, जरूर वाचावेत. पण ‘आकांत’सारखी भोपाळच्या वायुकांडावरची सुबोध जावडेकरांची कादंबरीही उद्या कुणी तिथेच ढकलेल, निव्वळ ‘विज्ञान’ हा शिक्का पाहून. मोठ्या माणसाला ती दिसणारच नाही. मग आपले लेखक लिहिणार, वाचक नाही.

तेव्हा आपल्याकडे दोन मागण्या. पुढच्या यादीत प्रत्येक परदेशी पुस्तकापुढे ते मराठीत किंवा निदान हिंदीत मिळतं का आणि कितीला, एवढं छापा. सगळ्यांना भाचा नसतो. दुसरी, पुरवणीत दर आठवड्याला अर्धं पान विज्ञानकादंबरीच्या क्रमशः प्रकाशनासाठी ठेवा आणि ती खान्देशातल्या नव्या माणसाकडून मागवा. दीपनगरला नाहीतर लोको शेडमध्ये कुणाच्या तरी लॉकरमध्ये वही पडलेली असणार, अशी माझी खात्री आहे. मजकुरातलं गणित तपासायला आम्ही मंडळी फुकट बसू. वाऱ्याची प्रकरणं मात्र आधी सावद्याला पाठवा, साडू त्यात कुणाला सोडत नाही.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट,
भुसावळ