चिठ्ठी उलटी ठेव

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला बोटांचे ठसे तपासायच्या कामावर रुजू झालीस, हे तुझ्या आईने अख्ख्या गल्लीला सांगून झालंय. मी मात्र ब्रँडन मेफिल्डची हकिगत वाचली तेव्हापासून बेचैन आहे. फोनवर असलं बोलता येत नाही मला.

११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. १९० च्या वर माणसं गेली. डिटोनेटर असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर एक ठसा मिळाला, तो स्पेनने अमेरिकेच्या तपास यंत्रणेला, एफबीआयला, धाडला. संगणकाने मिळतेजुळते २० ठसे काढून दिले, त्यातला चौथा मेफिल्डचा. हा अमेरिकेतल्या पोर्टलँडचा वकील, पूर्वी सैन्यात होता. पासपोर्टची मुदत संपलेली, परदेशी गेल्याची कुठे नोंद नाही. तर म्हणे, खोट्या नावाने गेला असेल! त्यात तो मुसलमान झालेला, बायको इजिप्तची. मग कुणाला फेरतपासणी सुचतेय? घरात ‘स्पॅनिश कागद’ सापडले. ते निघाले पोरांचे गृहपाठ.

स्पेनचे पोलीस १३ एप्रिललाच सांगत होते, ठसा जुळत नाही. एफबीआयने काय करावं? त्यांना पटवायला आपला माणूस माद्रिदला पाठवला. ६ मेला मेफिल्डला उचललं. कोर्टाने नेमलेला बाहेरचा तज्ज्ञही ‘जुळतो’ म्हणाला. आणि त्याच सुमाराला स्पेनने खरा ठसेवाला शोधला, अल्जेरियाचा. दोन आठवड्यांनी मेफिल्ड सुटला. २००६ मध्ये सरकारने २० लाख डॉलर आणि लेखी माफी दिली.

तो बाहेरचा तज्ज्ञ माझ्या डोक्यातून जात नाही. लबाड नसणार तो. माझ्यासारखाच असेल.

तुला आठवतं ना, मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर होतो? माल आला की वरच्या चिठ्ठीवर माग नंबर असायचा. नऊ नंबरवर एक चाचा होते. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, एकदा बोलला, “ही माणसं असलंच विणणार.” तेव्हापासून नऊची चिठ्ठी दिसली की माझी बोटं टॉवेलावर जास्त वेळ फिरायची. तुटलेला धागा, सुटलेला फासा, काठाला ढील, सापडायचंच. तेवढंच सातच्या मालात असलं तर हात पुढे सरकायचा. वर्षभर चाचांच्या मजुरीतून पैसे कापले गेले, माझ्या खडूच्या खुणांवर. मला वाटायचं मी चोख काम करतोय.

मग मालकांच्या वडिलांनी चिठ्ठ्या उलट्या लावायला सांगितल्या. का, ते बोलले नाहीत. महिनाअखेरीला हिशेब लागला तर सर्वांत जास्त खोट सातच्या मालात! नऊ होता मधेच कुठेतरी.

तुमच्याकडे चिठ्ठी उलटी ठेवायची पद्धत आहे का, ते विचार. आरोपीचं नाव, गाव, आधीच्या साहेबाचं मत, सगळं ठसा बघून झाल्यावर वाच. साहेब चिडला तर चिडू दे.

चाचांचे पैसे पुढे मालकांनी परत केले. माझ्या तोंडून मात्र एक शब्द फुटला नाही. ते अजून विजापूर वेशीत राहतात. दोनदा निघालो होतो, पानटपरीवरूनच परत फिरलो. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा माझ्याबरोबर चल.

तुझे,
बाबा