रेस सोडणाऱ्या कंपन्या आणि मागे उरणारे कारागीर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटार रेसिंगमधून एकेक कार कंपनी काढता पाय घेत असल्याबद्दलचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. माहिती बरी आहे, सूर मात्र पटला नाही. मंदी आली, खर्च हाताबाहेर गेला आणि बिचाऱ्या कंपन्यांना जड अंतःकरणाने खेळ सोडावा लागला, असं तो लेख वाचून कुणालाही वाटेल. माझी सगळी नोकरी धुळे-जळगावच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेली. फॉर्म्युला वनचा नाद मला वर्गातल्या पोरांनी लावला, मी त्यांना नाही. इतकी वर्षं हा खेळ पाहून माझं मत असं झालंय की खर्च काही आभाळातून पडला नव्हता. तो याच कंपन्यांनी वाढवला, आणि झेपेना तेव्हा मंदीकडे बोट दाखवून त्या निघून गेल्या.

2008-09 चंच बघा. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, गाड्यांची विक्री बसली. डिसेंबर 2008 मध्ये होंडाने फॉर्म्युला वन सोडलं. त्याच महिन्यात सुझुकी आणि सुबारू मोटारींच्या जागतिक रॅली स्पर्धेतून गेल्या. जानेवारीत कावासाकीने मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींतला कंपनीचा स्वतःचा संघ बंद केला. जुलै 2009 मध्ये बीएमडब्ल्यू, नोव्हेंबरमध्ये टोयोटा, आणि वर्ष सरता सरता रेनॉनेही आपल्या संघातला मोठा हिस्सा विकून टाकला. लेखात ही यादी आहेच. नाही ती मधली गोष्ट.

त्या वर्षी जागतिक मोटार महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी सुचवलं होतं की 2010 पासून संघाने वर्षाला 4 कोटी पौंडांत भागवावं. त्या वेळच्या हिशेबाने साधारण 300 कोटी रुपये. एवढ्यात आपल्याकडे एखादं छोटं धरण होईल, पण तिथे ही रक्कम संघांना अपमानासारखी वाटली. जून 2009 मध्ये आठ संघांनी आपली वेगळी स्पर्धा काढण्याची धमकी दिली. त्यात बीएमडब्ल्यू होती, टोयोटा होती, रेनॉही होती. मोझलींची पद्धत दांडगाईची होती आणि मर्यादा मानणाऱ्याला एक नियम, न मानणाऱ्याला दुसरा, हा त्यांचा घाटही चुकीचाच होता. संघांचा राग अगदीच खोटा नव्हता. पण मर्यादा बारगळली आणि पाचेक महिन्यांत बीएमडब्ल्यू आणि टोयोटा दोघीही खेळातून बाहेर! खर्चाला लगाम घालू नका म्हणून भांडायचं आणि मग खर्च परवडत नाही म्हणून उठून जायचं, याला नाइलाज कसं म्हणणार?

त्या मर्यादेच्या भरवशावर तीन नवे छोटे संघ 2010 मध्ये उतरले होते. मर्यादा आलीच नाही, ते मात्र अडकले. त्यातल्याच एचआरटी नावाच्या संघाकडून आपला करुण चंढोक शर्यतीत उतरला, पुढे नारायण कार्तिकेयनही. गाडी सगळ्यांच्या मागे. आमची पोरं तरी टीव्हीला डोळे लावून बसायची. 2012 संपताना तो संघ बंद झाला, उरलेले दोघेही पुढच्या काही वर्षांत गेले.

खर्च नेमका कुठे होतो, हे आता माझ्या ट्रेडच्या भाषेत सांगतो. आपल्याकडच्या काळी-पिवळीचं डिझेल इंजिन शिरपूर-धुळे रस्त्यावर दहा-बारा माणसं आणि टपावर भाजीची पोती घेऊन लाखो किलोमीटर चालतं. मध्ये एकदा उतरवून बोअर करायचं, रिंग-पिस्टन बदलायचे, टॅपेट लावायचे की पुन्हा रस्त्यावर. फॉर्म्युला वनचं त्या काळातलं इंजिन मिनिटाला 19 हजार फेऱ्या घ्यायचं, आणि 19 हजार ही नियमाने 2007 मध्ये घातलेली मर्यादा होती, म्हणजे इंजिन त्याच्याही वर जायला तयारच होतं. त्यात फिटिंग इतकी तंग की थंड इंजिन फिरतच नाही. आधी आतून गरम पाणी खेळवून ब्लॉक तापवायचा, मग स्टार्टर लावायचा. सराव, पात्रता फेरी आणि शर्यत, प्रत्येकासाठी वेगळं इंजिन ठोकून द्यायची त्याच्या काही वर्षं आधी रीत होती. एका शनिवार-रविवारला एकच इंजिन हा नियम 2004 मध्ये आला आणि दोन शर्यतींना एक हा 2005 मध्ये. आता अख्खा हंगाम तीन-चार इंजिनांत काढावा लागतो. म्हणजे टिकाऊ इंजिन बांधता येत होतं. बांधा, असं कुणी म्हणत नव्हतं. कुणी बेरिलियम या हलक्या, महागड्या धातूच्या मिश्रणाचे पिस्टन केले, तेही शेवटी नियमानेच बंद करावे लागले. माझ्या वर्गातला एक पोरगा हे सगळं ऐकून म्हणाला होता, "सर, इतला पैसा जास तरी कथा?" (इतका पैसा जातो तरी कुठे?) त्याला मी सांगितलं, सेकंदाच्या दहाव्या भागात.

यात्रेतल्या कुस्त्यांचं आपल्याकडे असंच होतं. गावातल्या गावात शंभर-पाचशेच्या कुस्त्या वर्षानुवर्षं चालतात. मग एक वर्षी केळीला भाव मिळतो, एखादा बागायतदार लाखाचं इनाम लावतो, बाहेरगावचे नामांकित मल्ल येतात, गावच्या पोरांना कुणी विचारत नाही, आणि भाव पडला की इनामही जातं आणि तोवर गावचा आखाडाही मोडलेला असतो.

आता सह्यांचं. टोयोटाने ऑगस्ट 2009 मध्ये 2012 पर्यंत खेळात राहण्याच्या करारावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये ती गेली. आठ हंगाम, पैशाला तोटा नाही, जर्मनीत कोलोनला अद्ययावत कारखाना, आणि एकही शर्यत जिंकलेली नाही. निरोपाच्या पत्रकार परिषदेत संघप्रमुख ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं याबद्दल मला शंका नाही. सुझुकीने मोटोजीपीत 2026 पर्यंतची सही केली होती. 2022 च्या मे महिन्यात, आर्थिक परिस्थिती आणि नवं तंत्रज्ञान अशी कारणं देऊन, वर्षअखेर जातो म्हणून सांगितलं. गंमत अशी की 2020 चा विश्वविजेता त्यांचाच होता आणि जाता जाता शेवटची शर्यतही त्यांनीच जिंकली. म्हणजे हरल्यामुळे गेले असंही नाही. होंडाची तर ये-जाच चालू असते: 1968 ला गेली, 1992 ला गेली, 2008 ला गेली, 2021 ला कर्ब उत्सर्जन कमी करण्याचं कारण सांगून गेली, आणि 2026 साठी पुन्हा हजर. मंदी हे त्यातलं एका वेळचं कारण. बाकी वेळी दुसरं काहीतरी सापडतं. ऑडीने 2016 मध्ये ल मानची चोवीस तासांची शर्यत सोडली तेव्हा तिच्या मूळ कंपनीला, फोक्सवॅगनला, डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतल्या घोटाळ्याचा भुर्दंड पडला होता.

कंपनीसाठी रेसिंग हे जाहिरातीचं खातं आहे. त्यात वाईट काही नाही, धंदा आहे. पण खातं बंद करायला बोर्डाची एक बैठक पुरते, आणि शॉप फ्लोअरवरच्या माणसाला ते बातमीतून कळतं. 2008 च्या दिवाळीनंतर नाशिक आणि वाळूजहून कंत्राटावरची आमची पोरं पिशव्या घेऊन परत आली होती. त्यांनाही कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं. म्हणून होंडाच्या इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या कारखान्यात सातशेच्या आसपास माणसं कामाला आहेत हे तेव्हा वाचलं, तेव्हा मला गाडीपेक्षा त्यांचंच जास्त वाटलं.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं, हे आपल्या लेखात अर्ध्या ओळीत उरकलंय. संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन आणि सहकाऱ्यांनी तो संघ नाममात्र एका पौंडाला घेतला. होंडाने जाताना वर्ष निघेल इतके पैसे दिले, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. गाडी होंडाच्याच पैशावर आखून झालेली होती, तिच्यात मर्सिडीजचं इंजिन बसवलं. कितीतरी माणसं कमी करावी लागली. आणि 2008 ला चौदा गुण मिळवून नववा आलेला तोच कारखाना 2009 मध्ये चालकांचं आणि संघांचं, अशी दोन्ही विजेतेपदं घेऊन गेला. त्यांचा चालक जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती मारल्या. वर्षअखेर मर्सिडीजने तो विकत घेतला आणि 2014 ते 2021 ओळीने आठ वेळा संघांचं विजेतेपद त्याच छपराखालून निघालं. पाटी दोनदा बदलली. टर्नर, फिटर, कार्बन फायबरचे भाग बनवणारे कॉम्पोझिटवाले बरेचसे तेच.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. पॅरिसजवळ विरी-शातिल्याँला रेनॉचा इंजिनांचा कारखाना आहे. 2024 मध्ये तिथल्या कामगारांना कळलं की 2025 नंतर आपली इंजिनं फॉर्म्युला वनमध्ये नसणार. ते इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीला जाऊन प्रेक्षकांत निषेध करत बसले. निर्णय बदलला नाही. 2026 पासून त्याच कंपनीच्या संघाला मर्सिडीजचं इंजिन. त्या वेळी मंदी वगैरे काही नव्हती; उलट खेळाला कधी नव्हे एवढे प्रेक्षक होते. इंजिन बनवण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडतं, एवढाच हिशेब.

खर्चाची मर्यादा शेवटी 2021 मध्ये आलीच: संघाला वर्षाला साडेचौदा कोटी डॉलर, म्हणजे हजार कोटी रुपयांच्या पुढे. चालकांचे पगार आणि इंजिन त्यात धरलेलं नाही, आणि पहिल्याच वर्षी रेड बुल संघाने ती ओलांडून दंडही भरला. तरीही तिने काम केलं असं मला वाटतं. पूर्वी एका पौंडाला जाणारे संघ आता कुणी सहजी विकत नाही, आणि ऑडीसारखी कंपनी येण्यासाठी धडपडली. बारा वर्षं आधी हेच केलं असतं तर किती जणांच्या नोकऱ्या राहिल्या असत्या, कुणास ठाऊक.

आता जवळचं. आपल्या खान्देशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं बाहा स्पर्धेसाठी खडकाळ रस्त्यावरची गाडी स्वतः बांधतात आणि आग्रा रोडने सेंधवा घाट चढून इंदूरजवळच्या पिथमपूरला नेतात. वर्षानुवर्षं या स्पर्धेत सगळ्यांना एकच दहा अश्वशक्तीचं इंजिन, त्याला हात लावायचा नाही. मग अक्कल लावायची ती चेसिस, सस्पेन्शन आणि वेल्डिंगमध्ये. चार तासांच्या शेवटच्या शर्यतीत ज्याचं वेल्डिंग टिकलं तो टिकला. ओळखीच्या एका संघाची मुलं रात्री पाइप वाकवताना मी पाहिली आहेत. बेंडिंग मशीन उधारीवरचं, वेल्डरचा हेल्मेट एकच, तो पाळीपाळीने घालायचा. त्यांचा प्रायोजक ट्रॅक्टरचा एक डीलर होता. हंगाम वाईट गेला, त्याने हात आखडता घेतला. पोरांनी सीट जुन्या गाडीची बसवली, रंग स्वतः मारला आणि गाडी नेली. इंजिनावर पैसा उधळता येत नाही म्हणूनच ते जमलं.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी कुठली कंपनी रेसिंग सोडून गेल्याची बातमी छापाल, तेव्हा तिने किती वर्षांची सही केली होती, कारखान्यात किती माणसं होती आणि तो आता कुणी घेतला, एवढं त्याच चौकटीत द्या. आणि पिथमपूरला जाणारी आपली मुलं निघतील तेव्हा क्रीडा पानाचा एखादा वार्ताहर त्यांच्या वर्कशॉपला पाठवा. उद्योग पानाचा आला तरी चालेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक, देवपूर, धुळे