शिलाईचे पैसे जड का वाटतात?

महोदय,

सणांच्या सेलच्या जाहिराती सुरू झाल्या की आम्हा शिवणकाम करणाऱ्या बायकांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘जुन्या साडीचा ड्रेस शिवायला एवढे पैसे? तेवढ्यात नवीन कुर्ती येते की!’ मी डोंबिवलीत घरीच शिवते. आईच्या, आजीच्या साड्यांतून नवे कपडे करून देणं हेच आता माझं मुख्य काम आहे. म्हणून याचं उत्तर जाहीरपणे द्यावंसं वाटलं.

जुन्या रेशमी साडीला एकदम कात्री लावता येत नाही. आधी ती उजेडावर धरून बघावी लागते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं त्या घडीवर विरतं, जरीच्या वजनाने काठालगत फाटतं. हे भाग चुकवून बेतायचं, शिवाय काठ बाह्यांना पुरला पाहिजे आणि पदर पुढे नीट दिसला पाहिजे. मग मऊ सुती अस्तर, आणि नाजूक जागी आतून हाताने धावदोरा. अलीकडे एका आजींची नऊवारी इरकल आली होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्यातून नातीचा कुर्ता झाला, पणतीचं परकर-पोलकं झालं, विरलेले तुकडे गोधडीच्या आतल्या थरात गेले. वीतभरही वाया गेलं नाही.

आता ती स्वस्तातली कुर्ती उलटी करून बघा. बहुतेक वेळा कडेला ओव्हरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून मशीनची शिवण) मारलेला असतो आणि आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जादा कापड, जवळजवळ नसतेच. अंग जरा भरलं की ती सैल करायला जागा नाही. पूर्वी शिंपी इंचभर माया ठेवायचे, म्हणून आईचं ब्लाऊज लेकीला बसायचं.

आणि स्वस्ताई येते कुठून? २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतीतली बँक आणि दुकानं बंद झाली, शिवणकामगारांना मात्र सकाळी कामावर बोलावलं. अकराशेहून अधिक माणसं गेली, त्यात बायकाच जास्त. तिथे परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात. माझ्यासारख्याच मशीनवर बसणाऱ्या होत्या त्या. सेलच्या जाहिरातीतला आकडा वाचताना मला त्या आठवतात.

पैठणी जरीच्या चांदीसाठी विकून टाकण्याआधी एकदा चांगल्या शिवणारीला दाखवा, आणि तिने दिवसभराच्या कामाचे पैसे सांगितले तर घासाघीस करू नका, ही वाचकांना विनंती. सरकारकडेही एक मागणी आहे. आयटीआयमध्ये शिवण शिकणाऱ्या मुलींना नवीन कापड बेतण्याबरोबर जुनं कापड पारखणं, न फाडता उसवणं आणि रफू करणं यांचा भरपूर सराव मिळावा. माझ्याकडे काम आहे, पण ते सोपवावं असा हात शोधून सापडत नाही.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)