अक्का, तुम्ही आधी विचारलंत

ती. अक्कांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांनी वाचावं म्हणून लिहिते आहे, त्यामुळे तुमचं नाव आणि गल्ली घालत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर आणि उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या तुम्ही, एवढी ओळख पुरे आहे. तुमची नात मोबाईलवरून वाचून दाखवेल तेव्हा कोणाबद्दल लिहिलंय ते तुम्हाला कळेलच.

मी तुमच्या भागातली आशा सेविका, घरोघर आरोग्याचं काम करणारी. तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत. उन्हाळ्यातल्या सर्वेला मी तुमच्या दारात आले, रजिस्टर उघडलं, आणि घरात माणसं किती हे मी विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "पाणी घे आधी. आणि बाथरूमला जाऊन येतीस काय?" पाणी विचारणारी घरं मला पुष्कळ भेटली आहेत, चहाला बसवून घेणारीही आहेत. पण दुसरं वाक्य मी इतक्या वर्षांत कोणाच्या दारात ऐकलं नव्हतं.

आमचं काम तुम्ही बघता. गरोदर बायांची नोंद, लसीकरणाची यादी, टीबीच्या पेशंटची गोळी, पोलिओचे डोस, बाळंतिणीच्या घरच्या भेटी. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा त्या घरी जावं लागतं. आरोग्य केंद्रात आम्ही जातो ते मीटिंगला आणि रिपोर्ट द्यायला. बाकी सगळा दिवस गल्लीत. आम्हाला ना ऑफिस ना खुर्ची, मग बाथरूम कुठलं? रस्त्यावर सार्वजनिक शौचालय असलंच तर बायकांच्या बाजूला कडी नसते, नाहीतर पाणी नसतं. मुंबईत बायकांच्या संघटनांनी 2011 पासून 'राइट टू पी' म्हणून चळवळ चालवली ती याच दुखण्यासाठी. बायकांना स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी एवढंच त्यांचं मागणं होतं.

कायदा आहे. 1948 च्या कारखाना कायद्यातच कामगाराला पिण्याचं पाणी आणि संडास-मुतारी द्यायची असं लिहिलं होतं. तुम्हा विडी कामगारांच्या 1966 च्या कायद्यातही तेच होतं. पण हे सगळं कारखान्याच्या आवारापुरतं. जिचं काम दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर चालतं तिच्या वाट्याला त्या घरातल्या माणसांची समज तेवढी येते. गॅसची टाकी खांद्यावरून आणणारा, मीटरचं रीडिंग घेणारा, कूलर दुरुस्त करायला गच्चीवर चढणारा, चार दिवस घर रंगवणारा, पार्सल देणारी मुलं, या सगळ्यांची गत माझ्यासारखीच. त्यात शुगरचा त्रास असलेला एखादा रंगारी असतो. त्याला तासातासाला जावं लागतं आणि तो शिडीवर उभा राहून दात दाबून काम करत असतो. पुरुष कुठंही उरकतात असं लोक बोलतात, पण पन्नाशीच्या माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला किती जड जातं ते त्यानं मला सांगितलंय.

आणि आम्ही बायका काय करतो? पाणी प्यायचंच सोडून देतो. सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहा, मग दुपारी घरी पोचेपर्यंत काही नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून जातो, काही दिवस 43 च्याही वर चढतो. त्या दिवसांत आम्हीच घरोघर सांगत फिरतो की तहान नसली तरी पाणी प्या, बारा ते तीन बाहेर पडू नका. माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं असतात, पण एक पाकीट विरघळवायला लिटरभर चांगलं पाणी लागतं आणि ते लिटरभर पोटात गेलं की पुढच्या तासाभरात जायचं कुठं हा प्रश्न येतो. म्हणून पाकीट पिशवीतच राहतं.

याचं पुढं काय होतं ते मी अंगावर काढलंय. लघवीला आग, ओटीपोटात कळ, रात्री थंडी वाजून ताप. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पाणी भरपूर प्या आणि लघवी अडवून धरू नका. त्यांचं बरोबरच होतं. आमच्यातली एक जण सातव्या महिन्यात असताना पोलिओच्या फेरीला होती. पोटातल्या बाळाचा दाब, दर थोड्या वेळानं जायची घाई, आणि ती दारांवर खडूनं खुणा करत पुढं पुढं चालत होती. शेवटी एका शाळेच्या शिपाई मावशींनी तिला आत घेतलं. तिनं घरी गेल्यावर रडून घेतलं, आम्हाला खूप दिवसांनी सांगितलं.

तुम्ही विचाराल, मग तोंडानं मागत का नाही? अक्का, पाणी मागता येतं. पाणी मागायला आपल्याकडे कुणाला लाज वाटत नाही आणि नाही म्हणायलाही कुणी धजत नाही. बाथरूम मागताना घसा कोरडा पडतो. समोर घरातला पुरुष असेल तर शब्दच फुटत नाही. आणि मागितल्यावर समोरची बाई क्षणभर थांबली, की तो क्षण पुढची कितीतरी घरं मनात राहतो. म्हणून सांगते, हा प्रश्न घरातल्या माणसानंच आधी विचारायचा असतो. येणाऱ्यानं मागितलं तर देऊ, असं म्हणणारी घरं मनानं चांगली असतात, पण त्यांच्या दारातून आम्ही तशाच पुढं जातो, कारण आम्ही मागतच नाही.

तुमच्या घरात त्या दिवशी मी जे बघितलं ते इथं लिहून ठेवते, लोकांना उपयोगी पडेल. अंगणातला संडास देशी बैठकीचा, दाराला आतून धड कडी. बाहेर एक निळा ड्रम, त्यात धुण्याचं शेवटचं पाणी साठवलेलं. शेजारी अर्धी बादली, मग, आणि कोनाड्यात साबणाची वडी. तुम्ही सांगितलंत, "नळाचं पाणी यात घालत नाही बघ. धुणं झालं की शेवटचं पाणी हिकडं." आपल्या गावात नळ काही दिवसांआड येतो. उजनी धरण भरलं तरी आपल्या पिंपात पाणी मोजूनच असतं. रात्री दोनला पाणी सुटलं तर रात्री दोनला उठून भरणारी घरं आहेत ही. परक्या माणसानं बादलीभर पाणी ओतलं तर घरच्या बाईच्या पोटात गोळा येणारच, यात मला कधी वाईट वाटलं नाही. पण देशी संडासाला दोन-तीन मग पाणी पुरतं, आणि ते धुण्याचं चालतं. तुम्ही यावर उपाय करूनच ठेवला होता.

पाण्याचं म्हणाल तर आमचा अर्धा सर्वे त्याचाच. पाणी उशिरा येतं म्हणून साठवावं लागतं, साठवलं की डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासायचं. अंडी काठाला चिकटून कोरडीही टिकतात, नुसतं ओतून देऊन भागत नाही. जिनं रात्रीचं जागून पिंप भरलंय तिला हे सांगणं मला जड जातं. मी टॉर्च मारते, वळवळत खाली जाणाऱ्या अळ्या दाखवते, अळ्या मारायचं औषध, टेमीफॉस, टाकते. असं दिवसभर मी लोकांच्या पाण्यात वाकून बघत असते. त्या दिवशी तुम्ही त्याच पिंपाशेजारच्या माठातलं पाणी मला दिलंत, आणि पेला घरातलाच दिलात.

पेल्याचं लिहायलाच हवं. काही घरांत खिडकीत एक वेगळा ग्लास असतो, कामाच्या माणसांसाठी. काही ठिकाणी पाणी वरून ओंजळीत ओततात. आडनाव विचारून मग पाणी आणणारे आजही भेटतात. महात्मा फुल्यांनी 1868 साली पुण्यात स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. फुल्यांचा हौद घरचा होता, हे मला फार मोठं वाटतं. सार्वजनिक तळ्यासाठी लढा द्यावा लागला, घरचं पाणी मात्र घरमालकाला एका दिवसात खुलं करता आलं. तुम्ही मला आडनाव विचारलं नाहीत. रजिस्टरमध्ये तुमचं मीच विचारलं.

एक जागा अशीही आहे जिथून मी फार दुखावून निघाले. आमच्या भागाच्या कडेला नवी इमारत झाली आहे. तिथं नव्या बाळाच्या भेटीला गेले होते. कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, बाळाचं वजन घेतलं, नाळ बघितली, आईला दूध पाजायला बसवून दाखवलं. निघताना मी धीर करून बाथरूम विचारलं. सुनेनं सासूकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "कामवाल्यांचं खाली आहे." खाली गेले तर त्याला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे असते ते वॉचमनलाही माहीत नव्हतं. तीन दिवसांचं बाळ माझ्या हातात द्यायला त्यांना भीती वाटली नाही. मग बाथरूमचीच का वाटावी, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पुढच्या भेटीलाही मी गेले, बाळाचं वजन छान वाढत होतं.

भीती खोटी नसते, हेही मला मान्य आहे. दुपारी घरात एकटी म्हातारी असेल, दार उघडायचं कसं? तिनं उघडूच नये. ओळखपत्र बघावं, जाळीच्या दारातून पाण्याची बाटली द्यावी, तेवढ्यानंही जीव थंड होतो. ज्यांचा संडास अंगणात किंवा जिन्याखाली आहे, आणि आपल्या जुन्या पेठांतून तशी घरं खूप आहेत, त्यांना तर कोणाला घरात घ्यायचंच नाही. इमारतीत तळमजल्याला जे बाथरूम असतं त्याची किल्ली वॉचमनकडे ठेवा, आत बादली आणि बल्ब ठेवा, आणि येणाऱ्याला सांगा की ते आहे. ज्यांना खरंच जमत नाही त्यांनी "आमच्याकडे सोय नाही हो, कोपऱ्यावर त्या घरी विचारा" एवढं म्हटलं तरी मला राग येणार नाही. घरात चार दिवस रंगारी कामाला असताना या गोष्टीवर कोणी अवाक्षर काढत नाही, त्याचं मात्र मला वाईट वाटतं.

नंतर कधीतरी मी तुम्हाला विचारलं होतं, अक्का, तुम्हाला कसं सुचलं? तुम्ही पानं कातरता कातरता, मान वर न करता सांगितलंत. लग्न होऊन आल्यावर विड्या द्यायला कारखान्यात जायच्या तेव्हाची गोष्ट. हजार विड्यांवर मजुरी, तपासणीला लांब रांग, आणि रांग सोडली तर नंबर जायचा. पाळीच्या दिवसांतसुद्धा तशाच उभ्या राहायच्या. एकदा तुमच्या लुगड्याला डाग पडला आणि मागच्या बाईनं स्वतःचा टॉवेल काढून तुमच्या कमरेला बांधला. "ती कोण होती माहीत नाही बघ," तुम्ही म्हणालात आणि पुढचं पान हातात घेतलंत.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. संध्याकाळी कट्ट्यावर बसून गल्लीतल्या बायांना सांगितलंत. आता कोपऱ्यावरच्या घरातही मला आधी विचारतात. पिठाच्या गिरणीवाल्या काकूंनी दुकानामागच्या बाथरूमला नवी कडी बसवून घेतली. आणि तुम्ही मला सांगून ठेवलंय की आम्ही लग्नाला-बिग्नाला गावाला गेलो तरी अंगणाचं दार नुसतं लोटलेलं असतं, तू जात जा. आता तुमच्या गल्लीचा दिवस असला की मी घरातून निघताना बाटली भरून घेते आणि वाटेत पिऊन संपवते. लघवीची आग परत झाली नाही. तुमच्या हातचं मीठ-जिरं घातलेलं ताकही मी आता न संकोचता मागून पिते.

अक्का, मनापासून आभार. तुमच्या सुनेचे पण, कारण ते अंगण घासून ठेवते ती, हे मला माहीत आहे.

पाऊस लागला की डेंग्यूचा सर्वे परत सुरू होईल. या वेळी माझ्याबरोबर एक नवीन आशा असेल, नुकतीच लागली आहे. तिची पहिली गल्ली तुमचीच ठेवली आहे. पोरगी फार लाजरी आहे, पाणीसुद्धा मागणार नाही. मी शेजारच्या घरात असेन, तेव्हा तिला तुम्हीच विचारा.

तुमची,
भागातली आशाताई