तक्रार: दोन काट्यांचे नंबर बदलणे आणि तुम्ही ‘दुरुस्त’ केलेला कर्नल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर अडतीस मिनिटं घालवून फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. हा सातवा कॉल होता. दर वेळी नवीन माणूस असतो आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून आता लेखी देतो.

काट्याचं वजन घेऊन पावती छापणारं कॉम्प्युटरचं मशीन (मी त्याला डबा म्हणतो) तुमचंच आहे, आत काय आहे ते तुम्हाला माहीत असणार (निदान मी तसं धरून चालतो). लासलगाव रस्त्याला माझा साठ टनी भुईकाटा आहे. शेजारी गोण्यांसाठी तीनशे किलोचा छोटा काटा. दोन्हींचे इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारे डिस्प्ले) एकाच मेकचे, दोन्ही एकाच वेगाने (९६०० बॉड), एकाच पद्धतीने आकडा पाठवतात. दोन्ही वायरी यूएसबी हबमधून, म्हणजे एका यूएसबीचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीतून, तुमच्या डब्यात जातात. डब्यातलं लिनक्स त्यांना नावं देतं: छोटा काटा ‘टीटीवाययूएसबी ०’, मोठा ‘टीटीवाययूएसबी १’. हे दोन नंबर तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये कायमचे लिहून टाकलेत, जणू कोणी तसं वचन दिलंय.

गेल्या महिन्यात कांद्याचा एक ट्रॅक्टर आला. भरलेला ६,८४० किलो. खळ्यावर माल टाकून रिकामा परत आला आणि पावती निघाली: रिकामं वजन ४८ किलो, निव्वळ माल ६,७९२ किलो. व्यापाऱ्याने पावती वर धरली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून अठ्ठेचाळीस किलो? कागदाची केलीय का?” इंडिकेटरवर त्याच क्षणी ३,६२० दिसत होते. वैधमापनवाल्यांचं सील त्या इंडिकेटरला आहे आणि तो बरोबरच होता. खोटं बोलला तो तुमचा डबा. खरा माल ३२ क्विंटल २० किलो, आणि पावतीवर जवळजवळ ६८ क्विंटल. आकडा इतका वेडगळ होता म्हणून सापडला. छोट्या काट्यावर गोणी नसती तर शून्य छापून मोकळे झाला असतात.

कसं झालं ते मीच शोधलं, कारण तुमच्याकडून कोणी शोधेना. लाइट दोन सेकंद गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. हबचा अडॅप्टर तुमच्या माणसाने साध्या बोर्डावर लावलाय, त्यामुळे हब मेला आणि परत उठला. तुमचं सॉफ्टवेअर छोट्या काट्याचं वजन स्क्रीनवर सतत दाखवतं, म्हणजे ० नंबर मुठीत धरून बसलेलं असतं. वायर मेली तरी मूठ सोडत नाही. छोटा काटा परत आला तेव्हा ० मोकळा नव्हता, म्हणून कर्नलने (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर सांभाळतो) त्याला १ दिला. मोठ्याला २ मिळाला. मग सॉफ्टवेअरने १ वर वजन विचारलं. तिथे ४८ किलोची गोणी ठेवलेली होती.

यात कर्नलचं काय चुकलं? जो सापडेल त्याला सगळ्यात लहान मोकळा नंबर द्यायचा, एवढंच तो करतो. दवाखान्यात आज मला तिसरा नंबर लागला म्हणून उद्या तिसऱ्या नंबरवर येणाऱ्याला माझं औषध देतात का?

उपाय दोन ओळींचा आहे. यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेल्या वस्तूंना नावं देणारा भाग) नियम लिहायचा आणि काटा हबच्या कुठल्या भोकात आहे त्यावरून नाव द्यायचं. माझ्याकडे मोठा काटा ‘१-१.२’ वर आहे: पहिली बस, पहिला पोर्ट, त्यावरचा हब, हबचा दुसरा पोर्ट. वायर हलवली नाही तर हा पत्ता बदलत नाही. सिरियल नंबरवरून ओळखता आलं नसतं, कारण काट्याची वायर यूएसबीला जोडणाऱ्या, तुम्ही दिलेल्या दोन्ही कन्व्हर्टरमध्ये सीएच३४० चिप आहे आणि त्यांत वेगळा सिरियल नंबरच नाही. तुमच्याच एका इंजिनिअरने चौथ्या कॉलला पासवर्ड सांगितला, मी नियम घातला, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नंबरांच्या जागी ‘मोठा’ आणि ‘छोटा’ लिहिलं. एकोणीस दिवस एकही पावती चुकली नाही. लाइट रोज गेली, तरीही.

मग तुमचं अपडेट आलं. पत्रकात छापलंय: ‘कर्नलमधील हार्डवेअर नंबरिंगची चूक दुरुस्त केली.’ त्याने माझा नियम पुसला, सेटिंग जुनी केली, आणि दुसऱ्याच दिवशी काट्यांचे नंबर पुन्हा बदलले.

आता आजचा कॉल. शब्दाला शब्द लिहितो.

“सर, मशीनमध्ये परवानगीशिवाय बदल दिसतोय. वॉरंटी रद्द होईल.”

“तो बदल तुमच्या अपडेटने पुसला. मग दिसतोय कुठे?”

“लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत आहे सर.”

“तो असताना एकोणीस दिवस काटा बरोबर चालला, तेही लॉगमध्ये असेल.”

“ते मला दिसत नाही सर. सिनिअरना देतो.”

अकरा मिनिटं बासरी ऐकली. मग सिनिअर आले.

“काका, शून्य आधी लागायचं की एक, ते कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही रोज सकाळी वायरी बघून लावत जा.”

“आणि लाइट गेली की?”

“परत लावायच्या.”

“दिवसातून पाच-सहा वेळा जाते.”

“मग चांगला इन्व्हर्टर घ्या ना काका.”

काका म्हटल्याचा राग नाही, वय झालंच आहे. पण हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर न लावणारा माणूस तुमचा होता, हे मी वर सांगितलंय, त्यांनाही सांगितलं होतं. सिनिअरना ‘यूडेव्ह’ हा शब्द दोनदा स्पेलिंगसकट सांगावा लागला. त्यांचा पगार सिनिअरचा असावा.

फोन ठेवल्यावर अपडेट उघडून पाहिलं. कर्नलच्या व्हर्जनचा आकडा आणि बिल्डची तारीख दोन्ही जुनीच आहेत, म्हणजे कर्नलला हातही लागलेला नाही. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये फक्त एक ओळ वाढलीय: ‘स्लीप १०’. दहा सेकंद झोपा. ही तुमची कर्नलची दुरुस्ती. सकाळी मशीन चालू करताना तिचा उपयोग होत असेलही, पण दुपारी लाइट गेल्यावर मशीन बंदच होत नाही, तर झोपणार कोण?

तरीही कर्नल दुरुस्त केल्याचं म्हणणं असेल तर सोर्स (मूळ कोड) दाखवा. लिनक्स कर्नल जीपीएल व्हर्जन २ या मुक्त परवान्याखाली आहे. त्याच्यासकट मशीन विकलंत, तर मागितल्यावर त्याचा सोर्स द्यावा लागतो. हे पत्र म्हणजे ती मागणी समजा.

पंधरा दिवसांत मला नियम असलेलं अपडेट हवं, वॉरंटी कायम असल्याचं लेखी हवं, आणि हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर लावायला तुमचा माणूस हवा. मीही लावू शकतो, पण मग तीही छेडछाड ठरेल. नाही झालं तर हा काटा माझ्या पोटापाण्याचा आहे एवढं सांगून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, ४८ किलोची पावती घेऊन. इथल्या आणखी दोन काटेवाल्यांना तुमचं मशीन मीच सुचवलं होतं. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

आपला,
एक भुईकाटा चालक

ता. क. तुमच्या सगळ्या मशीनचा पासवर्ड एकच आहे असं तुमच्याच इंजिनिअरने मला हसत सांगितलं. तो बदला.