सूचना: बीटा आणि अल्फा ब्लॉकर घेणारे पेशंट

नागपुरातील घरी जाऊन सेवा देणाऱ्या सर्व सिस्टर-ब्रदर्सना,

पारा ४५ कडे चाललाय. घाम आणि कमी पाण्याने आधीच बीपी खाली येतो, वरून बीपी उतरवणाऱ्या या गोळ्या.

परवा मानेवाड्यातले एक आजोबा, प्राझोसिनवर (अल्फा ब्लॉकर). पहाटे झटक्यात उठले नि न्हाणीच्या उंबऱ्याशी कोसळले. झोपून वरचा बीपी १३८, उभं राहून १०२! म्हणून बीपी झोपून आणि उभं करून, दोन्ही घ्या. २० किंवा जास्त फरक आला तर लगेच कळवा. उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर पाय सोडून बसवा. प्राझोसिनचा पहिला डोस रात्री झोपतानाच.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर देण्याआधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद गुणिले चार नको. ठोके अनियमित असले तर स्टेथो छातीवर. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा लिहिली नसेल तर नाडी ६० खाली किंवा वरचा बीपी १०० खाली असताना गोळी थांबवून आधी फोन. एक्सएल (हळूहळू विरघळणारी) गोळी कुटायची नाही, नळीतून देण्यासाठीही नाही.

शुगरवाल्यांत साखर उतरल्यावरची धडधड, थरथर बीटा ब्लॉकरने दबते, घाम मात्र सुटतो. कूलरसमोर बसून घामाघूम? ग्लुकोमीटर काढा. दम लागला, छातीत शिटी वाजली किंवा पायावर सूज दिसली तरी कळवा.

‘बीपी नॉर्मल आलाय, गोळी बंद करू का?’ हे घरोघरी विचारतात. स्वतःहून अजिबात नाही. बीटा ब्लॉकर अचानक सोडल्यास छातीत दुखणं, अगदी अटॅकही येऊ शकतो. गोळ्यांची पट्टी संपायच्या चार दिवस आधी घरच्यांना आठवण द्या.