टोकन अजून का दिलं नाही

मुंबई

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही चिडलात ते कळलं. मुलुंडचा फ्लॅट आवडला, भाव जवळपास ठरला, मग टोकन, म्हणजे विसाराची रक्कम, कशाला अडकवून ठेवलंय, हा तुमचा प्रश्न. फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही "वायरिंग काय, नंतर करता येतं" म्हणून विषय संपवता. म्हणून लिहून पाठवतेय. आईलाही वाचून दाखवा, तिच्या गिझरचा आणि मिक्सरचा विषय यातच आहे.

मुलुंडची ती बिल्डिंग १९७८ची. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, ते सोसायटीने करून घेतलंय. संदीपने रिपोर्ट वाचला, कॉलम-बीम ठीक आहेत. पण त्या ऑडिटमध्ये कुणी घरातल्या वायरी उघडून बघत नाही. एजंट दाखवतो तो नवा रंग आणि पांढरीशुभ्र मॉड्युलर बटणं. मला ती बटणंच खटकली. हॉलमध्ये छताच्या कडेने जुन्या वायरींची लाकडी पट्टी रंगाच्या थराखाली तशीच धावतेय आणि खाली बोर्ड मात्र कालपरवाचे.

मग मालकांची परवानगी काढून एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरना घेऊन गेलो. इथे लोक ज्याला पीडब्ल्यूडी लायसन्स म्हणतात ते वायरिंगच्या कामाचं सरकारी लायसन्स असलेले. मालक जरा कुरकुरले, "चाळीस वर्षं राहतोय, एकदा शॉक नाही लागला." त्यांचं खरंही असेल. पण चाळीस वर्षांपूर्वी त्या घरात चार बल्ब, दोन पंखे आणि फार तर एक फ्रिज असणार. आम्ही लावणार दोन एसी, गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह. दोन हजार वॅटचा साधा गिझर एकटाच जवळजवळ ९ अँपिअर घेतो.

पहिलाच बोर्ड उघडला आणि आत ॲल्युमिनियमची वायर निघाली. त्या काळात आपल्याकडे तांबं महाग आणि दुर्मीळ, म्हणून सर्रास ॲल्युमिनियम वापरायचे. ती वायर वाईटच असं नाही, पण तांब्याच्या तुलनेत तिच्यातून वीज साठ टक्क्यांच्या आसपासच वाहते, म्हणून ती जाड घ्यावी लागते. शिवाय तापून-निवून स्क्रूखाली ती सैल होत जाते, आणि तिच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. नवी बटणं बसवणाऱ्याने तर या वायरीला तांब्याचा तुकडा नुसता पिळून जोडला होता. वर गुंडाळलेली टेप करपून काळी पडली होती.

दाराजवळ चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत. त्यातल्या एकात फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळलेली. फ्यूजने जळून घर वाचवायचं, इथे फ्यूज वाचवायची सोय केली होती! नुसते एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली गेली की आपोआप पडणारे स्विच, बसवूनही भागत नाही. एमसीबी किती अँपिअरचा, हे भिंतीतली वायर किती सोसते त्यावर ठरतं. बारीक वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावला तर आधी वायर जळेल.

मला सगळ्यात धास्ती बसली ती अर्थिंगची. बोर्डांना तीन भोकांचे सॉकेट आहेत, म्हणजे अर्थिंग असणार असं आपण धरून चालतो. कॉन्ट्रॅक्टरनी टेस्टिंगचा बल्ब घेतला. फेज आणि न्यूट्रलमध्ये झगझगीत पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला तर स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये काहीच नाही. कारण शोधताना कळलं की पूर्वी अर्थिंगची तार लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधलेली होती. ती पद्धतही चुकीचीच, पण तेव्हा चालून जायची. पुढे प्लंबिंग बदललं, लोखंडाच्या जागी प्लॅस्टिकचे पाइप आले, आणि अर्थिंगची तार कशालाच न जोडलेली राहिली. प्लंबरचं त्याच्याशी देणंघेणं नाही, घरच्यांना पत्ता नाही. आई, तू ओल्या हाताने मिक्सर लावतेस, गिझर चालू ठेवून अंघोळ करतेस. कॉइलमधून वीज पाण्याच्या टाकीला उतरली तर तिला जमिनीत जायला वाटच नाही.

मग सगळी उपकरणं काढून, मेन बंद करून मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र, लावला. पाचशे व्होल्टला किमान १ मेगओहम यायला हवा. स्वयंपाकघराच्या लाइनचा त्याच्या खूपच खाली आला. भिंतीत ओल आहे, ती नव्या रंगाखाली दडलीय.

खाली मीटररूमही बघून आलो. मीटरपासून वर तिसऱ्या मजल्यापर्यंत येणारी वायर महावितरणची नसते, ती आपली जबाबदारी. तीही मूळचीच आहे. मंजूर भार वाढवायला अर्ज करावा लागेल, त्याला लायसन्सवाल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

बाबा, २०२१च्या जुलैत चिपळुणात पूर आला तेव्हा आठवतं? सगळे सांगत होते, बोर्ड उन्हात वाळवा आणि चालू करा. तुम्ही ऐकलं नाहीत. पाइपातल्या सगळ्या वायरी ओढून काढल्यात, नव्या घातल्यात, तोपर्यंत तुम्ही दोघं काकांकडे राहिलात. तेव्हा तुम्हाला कुणी वेडं म्हटलं नाही. मग इथे मी तेच करायचं म्हटलं तर घाई कसली?

फ्लॅट सोडायचा विचार नाही. हवा-उजेड छान आहे, स्टेशन चालत. फक्त पूर्ण वायरिंग नवं होईपर्यंत राहायला जायचं नाही: लाइटला दीड, सॉकेटला अडीच आणि एसी-गिझरला चार स्क्वेअर एमएम जाडीची तांब्याची वायर, प्रत्येकाची लाइन वेगळी, वीज गळली की लगेच लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नवी पट्टी. खाचा मारताना बीम-कॉलमला हात लावायचा नाही, हे कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घेतोय. खर्च सव्वा ते दीड लाख सांगितलाय. मालक एक लाख कमी करायला तयार आहेत, आम्ही दीडवर अडून बसलोय. टोकन त्यासाठीच थांबलंय.

तुमची एफडी मोडू नका. ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंग पुढच्या वर्षी केलं तरी चालेल. गणपती यंदा चिपळूणलाच, आम्ही येतो. तुम्ही दिवाळीनंतर इकडे या.

तुमची,
मेधा

ता. क. बाबा, पुरानंतर आपल्या डीबीत, म्हणजे मेन बोर्डात, जो आरसीसीबी बसवलाय त्यावर टी लिहिलेलं छोटं बटण आहे. महिन्यातून एकदा ते दाबून बघा, लगेच लाइट जायला हवी. नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा आणि मला फोन करा.